जुमा डॉक्टरांची विचारपूस

संपादकबाईंचा फोन आला, "तुमच्या कामाविषयी लिहा, पण दिवाळी अंक आहे, तेव्हा जरा जपून." मी म्हटलं, बाई, माझी सगळी नोकरी भगंदरात गेली, त्यात जपून काय लिहू? मग त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना आहे हो." हे असं आहे. या दुखण्याविषयी कोणी बोलत नाही आणि दर चार घरांआड एकाला तरी ते असतं. तेव्हा चकली हातातली खाली ठेवून वाचा, नाहीतर खात खात वाचा. मी पेशंट तपासतात त्याच खोलीत टेबल पुसून डबा खाल्लेली बाई आहे, मला तुमचं काही वाटणार नाही.

मी आयुर्वेदाची सर्जन. डोंबिवली पूर्वेला एका ट्रस्टचा दवाखाना होता, तिथे खालच्या मजल्यावर माझी ओपीडी. दर मंगळवारी भगंदराचे पेशंट. आता भगंदर म्हणजे काय ते एकदा साध्या भाषेत सांगते आणि मोकळी होते. शौचाच्या जागेच्या आत एक गळू होतं. ते फुटतं आणि बाहेर कातडीपर्यंत बोगद्यासारखी वाट पाडतं. ही वाट आपली आपण बुजत नाही. कधी मिटल्यासारखी वाटते, पुन्हा फुटते. पू येतो, कपडे खराब होतात, बसवत नाही. चाकूने ती वाट उघडता येते, पण ती ज्या स्नायूतून गेलेली असते तोच स्नायू शौच धरून ठेवतो. तो जास्त कापला गेला तर माणसाचं घराबाहेर पडणं बंद होतं.

आमचा उपाय म्हणजे दोरा. क्षारसूत्र. शिवायचा मजबूत लिननचा दोरा घ्यायचा, त्याला निवडुंगाचा ताजा चीक लावायचा, वाळवायचा, पुन्हा लावायचा. मग चीक आणि आघाड्याचा क्षार. शेवटी चीक आणि हळद. अशी एकवीस पुटं. हा दोरा एका बोथट सळईच्या, म्हणजे प्रोबच्या, नेढ्यात ओवून त्या वाटेतून आरपार न्यायचा आणि बाहेर गाठ मारायची. दोरा आतल्या आत हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. आठवड्याने जुन्याला नवा बांधून ओढून घ्यायचा. माणूस चालत येतो, चालत कामावर जातो. हे सगळ्यांना लागू पडतं असं मी कधी म्हटलं नाही. हे कधी टीबीनेही होतं, तसा संशय आला की मी आधी टीबीच्या डॉक्टरकडे पाठवायची. पण ज्यांना लागू पडायचं त्यांना पडायचं, आणि माझा हात चांगला होता. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी चारचौघांत सांगणार नाही. माझ्या बऱ्या झालेल्या पेशंटांपैकी एकाने कधी कुणाला माझं नाव सांगितलेलं मला माहीत नाही.

नमुने मात्र एकेक भेटले. एक कारकून ऑफिसात उभं राहून काम करायचा आणि विचारलं की "व्रत आहे" म्हणायचा. पुढे पुढे ऑफिसातल्या बायका त्याच्या पाया पडायला लागल्या. ठाण्याच्या खाडीवरचे एक कोळी गृहस्थ होते, त्यांची गाठ दोन दिवसांत सुटली. दुसरा कोणी घाबरून धावत आला असता. हे पुढच्या मंगळवारी शांतपणे आले. "बाय, तुमची गाठ सुटली व्हती, मंग मीच मारली. जाल्याची गाठ हाय, सुटाची नाय." खरंच सुटली नाही. मी आणि सुशीलाने घाम गाळला आणि शेवटी दोराच कापून काढला.

सुशीला म्हणजे आमची सिस्टर. दोरे तीच करायची. पावसाळ्यात दोरा वाळत नाही म्हणून लाकडी कपाटात बल्ब लावून ती त्याच्यापुढे बसून राहायची. तिच्याशिवाय माझा हात कितीही चांगला असता तरी उपयोग नव्हता.

आणि एक पेशंट असा होता की जो माझ्याकडे कधी आलाच नाही. माझा सख्खा भाऊ. दादा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मानपाड्याकडच्या रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर. वडील लवकर गेले, मला शिकवलं ते त्याने. माझ्या कॉलेजची फी भरताना त्याने स्वतःची रात्रीची शाळा सोडली, आणि हे मला वहिनीकडून कळलं, त्याच्याकडून नाही. हा माणूस कित्येक वर्षं कुणाकडे जाऊन खुर्चीवर बसलेला मी पाहिला नव्हता. "बस की दादा" म्हटलं की "उभा बरा आहे गं." बसलाच तर एका अंगावर. चालताना डावा पाय जरा बाहेर. माझ्या दारातून असा माणूस आला असता तर मी तोंड उघडायच्या आत ओळखलं असतं. तसं ओळखलंही होतं. पण आपल्याकडे म्हण आहे ना, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. इथे जावयाच्या जागी धाकटी बहीण. तो बोलत नव्हता आणि मीही बोलत नव्हते. दुसऱ्या वैद्याकडे जावं, तर सगळे म्हणणार, बहीण याच कामाची असून हा तिकडे का गेला? म्हणजे बिचाऱ्याला इकडेही वाट नाही आणि तिकडेही नाही.

अशात नव्वद सालानंतर पाच-सहा वर्षांनी आमच्याकडे युरोपातल्या एका संस्थेचे दोन लोक आले. गरीब देशांतल्या छोट्या दवाखान्यांनी एकमेकांकडून देशी उपचार शिकावेत म्हणून ही संस्था तिकिटाचे आणि राहण्याचे पैसे द्यायची. दोघांनी दोऱ्याची लांबी मोजली, जाडी मोजली, सुशीलाचं कपाट उघडून फोटो काढले, माझ्या जुन्या केसपेपरांचे गठ्ठे वाचले. त्यांनी विचारलेले प्रश्न चांगले होते. किती जणांना परत झालं? किती जण मधेच सोडून गेले? असे प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही, त्यामुळे मला ते लोक आवडले. जाताना त्यांनी विचारलं, "टांझानियाच्या एका जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर शिकायला पाठवला तर चालेल का?"

मी चालेल म्हटलं. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले, नाही चालणार. तेव्हा वर्तमानपत्रांत हळदीच्या पेटंटचा गदारोळ सुरू होता. आपली हळद आणि तिच्यावर हक्क सांगणार अमेरिकेतला कोणी तरी, म्हणून माणसं चिडलेली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आज तुम्ही दोरा शिकवाल, उद्या आपलाच दोरा आपल्याला डॉलर मोजून घ्यावा लागेल."

"साहेब," मी म्हटलं, "आपल्याच वरच्या मजल्यावर अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचतात. त्या डॉक्टरांनी ते शिकून घेतलं कोलंबोत, कोलंबोवाल्यांनी घेतलं चिन्यांकडून. आपल्याकडे कोणी हिशेब मागायला आलं का? हा काही कंपनीचा माणूस नाही. ह्याच्या जिल्ह्यात एक सर्जन, तोही कधी असतो, कधी नसतो. हा आपल्यासारखाच."

"आपल्यासारखाच म्हणजे?"

"म्हणजे याच्याकडेही औषधाचं कपाट अर्धं रिकामं."

अध्यक्ष तसे भले गृहस्थ. थोडे फुरंगटले आणि सही केली.

डॉक्टर जुमा आले ते मोठी बॅग आणि लहानशी छत्री घेऊन. वय पस्तिशीचं, उंच, बोलायला अतिशय हळू. पहिल्या दिवशी मी ओपीडीच्या गडबडीत म्हटलं, "गुड मॉर्निंग, इकडे या, हा पेशंट बघा." ते जागचे हलले नाहीत. आधी मला विचारलं, तुम्ही कशा आहात. मग, रात्री झोप लागली का. मग, घरी सगळे कसे आहेत. मग, काम कसं चाललंय. पेशंट टेबलावर पालथा, मी ग्लोव्ह्ज घातलेली, आणि हे गृहस्थ माझ्या घरच्यांची चौकशी करतायत. मी म्हटलं, सगळं ठीक आहे हो, चला. मग ते पेशंटच्या डोक्याकडे गेले, वाकून त्यालाही तेच विचारलं. इंग्रजीत. पेशंट विठ्ठलवाडीचा भंगारवाला, तो पालथ्या पालथ्या म्हणाला, "यस सर, यस सर."

नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्याकडे माणसाला भेटल्यावर नीट विचारपूस केल्याशिवाय कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा. आणि ओळखीच्या माणसाजवळून न बोलता जातो तो एक तर वैरी, नाहीतर चोर. मला हे फार वेळखाऊ वाटलं. पण त्यांचा हात बघितला आणि मी गप्प बसले. प्रोब घालताना जोर करायचा नसतो. वाट असते, ती शोधायची. घाईने दाबलं तर सळई मांसात शिरून नवी वाट पाडते, मग ती कोणालाच निस्तरता येत नाही. शिकाऊ मुलं इथेच चुकतात. जुमांना घाई हा प्रकारच ठाऊक नव्हता.

महिनाभरात त्यांनी सुशीलाकडून मराठी उचललं. काय उचललं? तर विचारपूस. "कसे आहात? झोप लागली? घरी कशी आहेत? काम कसं चाललंय?" आणि सुशीलाने त्यात आपल्या पदरचं एक घातलं, "दोरा टोचतो का?"

इथे घोळ झाला. डोंबिवलीत तेव्हा आफ्रिकेतला माणूस म्हणजे रस्त्यावरची पोरं मागे लागायची. आठवड्याभरात सगळ्या गावाला माहीत झालं की हा भगंदराच्या दवाखान्यातला डॉक्टर. आणि जुमा काय करायचे? संध्याकाळी बाजारात जायचे आणि जो पेशंट दिसेल त्याला थांबवून, हात हातात घेऊन, सगळे प्रश्न विचारायचे. म्हणजे जुमा ज्याच्याशी बोलले त्याला भगंदर, हे गणित लहान मुलांनाही सुटायला लागलं.

रेगे म्हणून एक बँकेतले अधिकारी माझे पेशंट होते. त्यांनी घरी मणक्याचं दुखणं सांगितलेलं. एकदा ते होणाऱ्या व्याह्यांना घेऊन आंबे घेत होते, आणि समोरून जुमा. "रेगेसाहेब, कसे आहात? झोप लागली? घरी कशी आहेत? दोरा टोचतो का?"

व्याही म्हणाले, "कसला दोरा?"

रेगे म्हणाले, "मंतरलेला. एका साधूने दिलाय, कमरेला बांधलाय." व्याह्यांनी तिथल्या तिथे साधूचा पत्ता मागितला, आणि रेग्यांना तो देता येईना. लग्न झालं म्हणे नीट, पण रेगे त्यानंतर येताना ओपीडी संपल्यावर मागच्या दाराने यायचे. तेही आले हे नशीब. बाकीचे येईनातच. मंगळवारी बाकं भरलेली असायची ती अर्धी राहिली. लोक जुमांना बघून रस्ता ओलांडायचे. काहीजण ठाण्याला गेले, काहीजण नुसतेच घरी बसले.

अध्यक्षांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, पण म्हणाले, "बघा बाई."

यात जुमांची खरी अडचण होती. माझ्या हाताखाली त्यांनी पुष्कळ केसेस केल्या होत्या, पण त्या संस्थेची अट अशी की निदान एका केसमध्ये तपासण्यापासून दोरा घालून गाठ मारेपर्यंत सगळं त्यांनी एकट्याने करावं आणि शिकवणाऱ्याने तसं लिहून द्यावं. ते नसेल तर त्यांच्या रुग्णालयात हे काम सुरू होणार नव्हतं. तिकडे पेशंट वाट बघत होते. त्यांतल्या काहींची नावं जुमा मला सांगायचे, एक सुतार, एक शाळामास्तर, एक बस चालवणारा. आणि इकडे जे चार पेशंट टिकले होते ते म्हणायचे, "मॅडम, त्यांना बघू दे, पण हात तुम्हीच लावा." परत जायची तारीख जवळ येत चालली होती.

मी जुमांना बसवलं आणि सांगितलं, "आजपासून रस्त्यात कुठल्याही पेशंटला ओळख द्यायची नाही. दिसला तर मान खाली घालून पुढे जायचं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, ज्याच्या अंगाला मी हात लावला, त्याला रस्त्यात ओळखायचं नाही?"

"नाही. इथे तोच मान."

"त्याला वाटेल मी त्याची घृणा करतो."

"त्याला वाटेल सुटलो." मी जरा चढ्या आवाजातच बोलले. माझा स्वभाव तसा आहे, आणि बाकं रिकामी होत होती.

त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून हा उंच माणूस बाजारातून मान खाली घालून, छत्री आडवी धरून चालायला लागला. सुशीला म्हणाली, "मॅडम, शाळेतून काढून टाकलेल्या पोरासारखे दिसतात हो." मला वाईट वाटलं. पण हळूहळू बाकं भरायला लागली, तेव्हा मी मनाची समजूत घातली. एकट्या जुमांच्या हाती पडायला मात्र अजून कोणी तयार नव्हतं.

जुमा रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. दादा-वहिनीही कधी कधी असायचे. जुमा दादाला खोदून खोदून विचारायचे, कसे आहात, झोप लागली का, आणि दादाचं उत्तर एकच, "बरं आहे, बरं आहे." जुमा भात खाता खाता त्याच्याकडे बघायचे. दादा खिडकीला टेकून, उभ्याने, ताट हातात घेऊन जेवायचा. मला वाटायचं, काही तरी बोलावं. मग मी वाढायला उठायची.

एका संध्याकाळी दादा कामावरून थेट माझ्याकडे आला. मी कणीक मळत होते. तो दारातच उभा राहिला.

"तुझा तो डॉक्टर मला ओळख देत नाही."

"कुठे?"

"मानपाडा रोडला. समोरून आला. मी हात केला, तर मान खाली घालून गेला निघून. त्याचं काय घोडं मारलंय मी?"

माझा हात पिठातच थांबला.

"दादा, मीच सांगितलंय त्याला. पेशंटला रस्त्यात ओळख द्यायची नाही म्हणून."

"मी कुठे पेशंट आहे?"

तो दाराची कडी हाताने हलवत राहिला.

"त्याला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी तर नाहीच. त्याला डोळे आहेत, दादा. तू माझ्या घरात कधी बसलेला नाहीस."

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

"होतं."

"मग बोलली नाहीस ती?"

"तू तरी कुठे बोललास?"

मला वाटलं हा आता चिडून निघून जाणार आणि वर्षभर येणार नाही. आमच्या घरात तशी पद्धत आहे. पण तो तिथेच उभा राहिला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "मंगळवारी असतो का तो?"

"असतो."

"त्याला विचार, वेळ आहे का. त्याला. तू त्या खोलीत यायचं नाहीस. पडद्याआडूनसुद्धा नाही."

जुमांना हे सांगितलं तर ते घाबरले. "मॅडम, माझी एकट्याची पहिली केस, आणि तुमचा भाऊ?"

"म्हणूनच नीट कराल," मी म्हटलं. बोलले खरी, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर मी शेजारी उभी राहिले असते, चुकतंय असं वाटलं तर प्रोब काढून घेतला असता. इथे हात चुकला तर दादाचं उरलेलं आयुष्य जाणार होतं, आणि ते होताना मी दाराबाहेर बसलेली असणार होते.

मंगळवारी दादा सगळ्यांच्या आधी आला. इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्याकडे बघितलं नाही. जुमांनी आधी नुसतं तपासलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं. बाहेरचं तोंड कुठे आहे, दाबल्यावर वाट कुठल्या दिशेला लागते, आतलं तोंड बोटाला कुठे लागतं. मी उलटसुलट विचारलं. वाट सरळ होती, फार खोल नव्हती. अशी केस मी त्यांना सहज दिली असती. मी म्हटलं, "करा."

त्यांनी आत जाऊन दार लोटलं. सुशीलाने ट्रे आत दिला आणि माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. पेशंटच्या बायका जिथे बसतात त्या बाकावर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. दार जुनं, नीट लागायचं नाही. आतलं सगळं ऐकू येत होतं.

जुमांनी सुरुवात केली. "कसे आहात?"

मी सुशीलाला म्हटलं, आता कसली विचारपूस, माणूस टेबलावर पडलाय.

दादा म्हणाला, "बरं आहे."

जुमा थांबले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. तोच पुन्हा विचारला, आणखी हळू. "कसे आहात?"

मग दादा म्हणाला, "बरं नाहीये." आणि मग त्याने सांगितलं. रात्री कुशीवर झोपतो आणि तरी जाग येते. चादर खराब होते म्हणून पहाटे उठून स्वतः धुतो, बायकोला धुवू देत नाही. कारखान्यात जादाची चड्डी डब्याच्या पिशवीत नेतो. मुलीच्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीला बसला नाही, लोक म्हणाले अकडू आहे. जुमांना यातलं निम्मं मराठी कळत नसणार. पण ते मधे मधे "हो" म्हणत होते, आणि दादा बोलत होता. लग्नात मीही वहिनीला म्हटलं होतं, काय हा दादा, दोन घास बसून खाल्ले असते तर काय झालं असतं. सुशीलाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी रडत होते, आणि समोर बाकावर बसलेले पेशंट पेपर वर धरून मला न पाहिल्यासारखं करत होते.

मग आत शांतता झाली. ती मला ओळखू येते. प्रोब वाट शोधत असतो तेव्हाची. दादा एकदा कण्हला. मी उठले, दाराच्या कडीला हात घातला. सुशीला म्हणाली, "मॅडम, तुम्ही शब्द दिलाय." मी परत बसले. हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं, नुसतं बसणं.

जुमा बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. "मॅडम, वाट मिळाली. जोर नाही केला." सुशीलाने आत जाऊन बघितलं आणि मान डोलवली. मी त्याच दिवशी लिहून दिलं, की ही केस यांनी एकट्याने केली, शिकवणारी दाराबाहेर होती. शेवटचं वाक्य तसं लिहायची गरज नव्हती, पण मी लिहिलं.

दोरा बदलायला दादा दर मंगळवारी येत राहिला, जुमांकडे. मी खोलीत जात नव्हते. मग जुमांची जायची तारीख आली. ठरलं असं, की पहिली काही वर्षं तयार दोरे आमच्याकडून जातील. त्यांच्या कुंपणांवरही निवडुंगासारखी झाडं होती, पण ती तीच आहेत असं धरून चालायचं नाही, तिकडच्या जाणकारांकडून आधी तपासून घ्यायची. सुशीलाने दोऱ्यांच्या सीलबंद नळ्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून बॅगेत भरल्या. अध्यक्ष स्वतः हार घेऊन आले. पुढे त्या संस्थेकडून कळलं की जुमांच्या रुग्णालयात आठवड्याचा एक दिवस या कामाला दिलाय, आणि पहिला पेशंट तो सुतार होता.

दादाचा दोरा मात्र अजून गळून पडला नव्हता, म्हणजे वाट पुरती कापली गेली नव्हती. थोडंच राहिलं होतं, पण राहिलं होतं. जुमा गेल्यानंतरच्या मंगळवारी मी त्याची वाट बघितली नाही. मला वाटलं, हा आता येणार नाही, ठाण्याला जाईल, नाहीतर तसाच राहील. बाकं रिकामी झाली, सुशीला कपाटाचा बल्ब बंद करायला उठली, तेव्हा दादा दारात दिसला. कारखान्याच्या कपड्यांतच. आत गेला, टेबलावर चढला, भिंतीकडे तोंड करून पडला.

मी हात धुतले. ग्लोव्ह्ज घातले. नवा दोरा कापला, कात्री घेतली, पडदा सारला आणि जुन्या गाठीला हात घालणार, तेवढ्यात तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "आधी विचार."

मी कात्री ट्रेमध्ये ठेवली. स्टूल ओढून त्याच्या डोक्याशी बसले.

"कसा आहेस, दादा?"

"सांगतो," तो म्हणाला.